आवक सुरू आहे

मे महिन्यात लेक ताहोला जाऊ नये, याबद्दल बे एरियातल्या मराठी मंडळींचं एकमत आहे. मंडळाची वर्गणी, गणपतीतलं नाटक, ढोल-ताशाचा सराव कुठे करायचा, अशा कुठल्याच बाबतीत ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, ती माणसं या एका मुद्द्यावर मात्र ठाम असतात. डिसेंबर ते मार्च स्नो, जून ते सप्टेंबर बीच, मधे नुसता चिखल. "मावशी, आत्ता तिथे काही नसतं गं," भाचा म्हणाला. "तळं असतं ना?" मी विचारलं. तो हसला आणि त्याने फोनवर खोल्यांचे दर काढून दाखवले. जुलैतल्या दराच्या निम्म्याहून कमी. पुण्याच्या बाईला एवढं कारण पुष्कळ झालं.

सॅक्रामेंटोच्या सपाट खोऱ्यात ऊन मी म्हणत होतं. ऑबर्न ओलांडल्यावर चढ लागला, ओक मागे पडले, पाइन सुरू झाले, आणि कानांत दडे बसायला लागले तसा रस्त्याच्या कडेला पहिला बर्फ दिसला. चित्रातला नव्हे. वाळू, डांबराचे कण, पाइनच्या सुया, कुणाचा तरी हरवलेला हातमोजा, सगळं पोटात घेऊन बसलेला, काळपट, खालून झिरपणारा बर्फ. हिवाळ्यात गाड्यांनी रस्त्यावरून सारून कडेला लोटलेले ते ढिगारे. बर्फ सारणाऱ्याला रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेल्या उंच काठ्या अजून काढलेल्या नव्हत्या, आणि त्यांची उंची बघूनच इथल्या हिवाळ्याची कल्पना येत होती. याच वाटेवरच्या डॉनर खिंडीच्या पायथ्याशी १८४६ च्या हिवाळ्यात पश्चिमेला निघालेला एक तांडा अडकला. निम्म्याच्या आसपास माणसं गेली, उरलेल्यांतल्या काहींनी गेलेल्यांचं मांस खाऊन जीव जगवला. त्यांच्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे. त्या साली बर्फ तितका साचला होता, असं सांगतात. ही दंतकथा वाटायला नको. खिंडीजवळच्या हिम-प्रयोगशाळेत २०२२-२३ च्या हिवाळ्यात एकूण ७५४ इंच बर्फ मोजला गेला. म्हणजे एकोणीस मीटर.

हा सगळा बर्फ कुठे जातो, हा प्रश्न डिसेंबरात येणाऱ्याला पडत नाही आणि जुलैत येणाऱ्याला पडायचं कारण नसतं.

ताहो सिटी नावाला सिटी. एक मोठा रस्ता, एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला तळं. निम्म्या दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले, त्यांवर हाताने लिहिलेलं, जूनमध्ये भेटू. स्कीच्या दुकानात माल निम्म्या किमतीला काढलेला आणि गिऱ्हाईक नाही. कायाक एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या. मोठ्या बोटी पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून आवारात उभ्या. पाण्यावर बोटी बांधायचे गोळे तेवढे तरंगत होते, रांगेत, बिनबोटींचे. हॉटेलच्या स्वागतकक्षात एकच मुलगी होती, तिने आम्हाला हवी ती खोली निवडायला सांगितली आणि अस्वलांची सूचना वाचून दाखवली. हिवाळी झोपेतून उठलेली अस्वलं या दिवसांत भुकेली असतात, गाडीत खाण्याची एक वस्तूही ठेवू नका, दार उचकटतात. भाच्याने निमूटपणे चिवड्याचा डबा खोलीत आणला. चिवड्याचा वास अस्वलाला कळेल का, याची आम्ही थोडी चर्चा केली. कळेल, असं ठरलं.

मला अशी मिटलेली थंड हवेची ठिकाणं लहानपणापासून माहीत आहेत. आजोळ वाईचं. पूर्वी जून लागला की महाबळेश्वर आवरायचं, दुकानदार माल घेऊन खाली यायचे आणि वर राहायचा तो नुसता पाऊस. आता पावसाळ्यातही गर्दी असते. पण "वर काही नसतं" हे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आले आहे, आणि ज्या महिन्यांत वर काही नसायचं, नेमक्या त्याच महिन्यांत कृष्णा-कोयनेचं वर्षभराचं पाणी तिथे पडत असायचं.

संध्याकाळी काठावर गेलो. पुळणीवर आमच्याशिवाय एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा. पाणी काठाशी इतकं नितळ की ते कुठे सुरू होतं ते पायाला कळल्यावर डोळ्यांना कळत होतं. मी चपला काढून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि दहा आकडे म्हणायच्या आत बाहेर आले. पुढे हिरवट, मग निळं, मग जिथे तळ एकदम खाली जातो तिथे गडद, शाईच्या रंगाचं. पलीकडच्या काठावर नेवाडाचे डोंगर, डोक्यावर अजून पांढरे. तळ्याचा दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्नियात आणि एक तृतीयांश नेवाडात. सरहद्द पाण्यातून जाते. लांबी ३५ किलोमीटर, रुंदी १९, समुद्रसपाटीपासून सव्वासहा हजार फुटांवर, आणि सर्वांत खोल जागी ५०१ मीटर. इतकं खोल असल्यामुळे ते हिवाळ्यात गोठत नाही. वरचं पाणी गार होऊन जड झालं की खाली बसतं, खालचं वर येतं, आणि हे घुसळण चालू असताना सबंध तळ्याला गोठण्याइतकं गार व्हायला हिवाळा पुरत नाही. एखाद्या हिवाळ्याच्या शेवटी हे घुसळण थेट तळापर्यंत पोहोचतं. दरवर्षी नाही, काही वर्षांतून एकदा.

धरणसाठ्याचे आकडे वाचत वाढलेल्या माणसाला असल्या आकड्यांचं टीएमसीत रूपांतर केल्याशिवाय चैन पडत नाही. मी खोलीवर येऊन गणित केलं. ताहोत एकूण पाणी साधारण ५,३०० टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची. म्हणजे पन्नास कोयना. आकडा इतका मोठा की त्याचा उपयोग नाही. पण दुसरा एक आकडा हाताशी लागला आणि त्याने मला पकडून ठेवलं. तळ्याच्या मुखाशी एक बंधारा आहे. लांबी १०९ फूट, उंची १८ फूट, काँक्रीटचा, शंभरएक वर्षांपूर्वीचा. त्याआधी तिथे लाकडी होता. हा चिमुकला बंधारा तळ्याचं पाणी नैसर्गिक काठाच्या वर ६.१ फूट अडवून धरू शकतो. तळं एवढं पसरलेलं, की त्या सहा फुटांत सुमारे ३२ टीएमसी पाणी मावतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चारही धरणं काठोकाठ भरली तर २९ टीएमसी होतात. पुण्याचं सगळं पाणी, त्यावर झालेली सगळी भांडणं, कालव्यांची आवर्तनं, दौंड-इंदापूरची निवेदनं, हे सगळं ताहोच्या वरच्या सहा फुटांत बसून वर जागा उरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बंधाऱ्यावर गेलो.

तळ्याला येऊन मिळणारे ओढे-नाले ६३, आणि बाहेर जाणारी नदी एकच, ट्रकी. ती इथून निघते. बंधाऱ्याला सतरा दारं. एका बाजूला जुन्या काळच्या गेटकीपरच्या घराच्या जागी लाकडी ओंडक्यांनी बांधलेलं संग्रहालय आहे, ते त्या दिवशी बंद होतं. एके काळी इथे राहणारा माणूस पाण्याची उंची बघायचा आणि हाताने चक्र फिरवून दारं वरखाली करायचा. आता दारं किती उघडायची ते रेनोमधला कोर्टाने नेमलेला वॉटर मास्टर ठरवतो, पण बंधारा तोच. आम्ही गेलो तेव्हा जवळजवळ सगळी दारं मिटलेली होती. एका अंगाला अथांग तळं, दुसऱ्या अंगाला गुडघाभर पाण्याची नदी, आणि पुलाखाली त्या उथळ पाण्यात हातभर लांबीचे ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपटी हलवत होते. बंधाऱ्याजवळ मासे धरायला बंदी आहे, ते त्यांना ठाऊक असावं.

मला वाटत होतं, बर्फ वितळतोय, तर दारं सताड उघडी असतील. उलटंच आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. खाली नेवाडाच्या हद्दीजवळ फ्लोरिस्टन नावाची जागा आहे. तिथे मार्च ते सप्टेंबर नदीत ५०० क्युसेक आणि उरलेल्या महिन्यांत ४०० क्युसेक पाणी वाहतं ठेवायचं, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा ठराव. आधी वीजकंपनीच्या जनित्रांसाठी, मग शेतीसाठी, मग कोर्टाचे निकाल आणि करारमदार यांतून तो आजवर टिकला आहे. वसंतात खालच्या डोंगरांतले ओढे बर्फाच्या पाण्याने दुथडी वाहतात आणि ते ५०० क्युसेक आपले आपण पुरे करतात. मग ताहोचं पाणी सोडायची गरज पडत नाही. दारं मिटायची आणि येईल ते साठवून घ्यायचं. त्रेसष्ट बाजूंनी आवक आणि जावक नाममात्र. तळं रोज थोडं थोडं वर चढतं. एक इंच चढायला साधारण साडेबाराशे कोटी लिटर पाणी लागतं.

हे सगळं मला निम्मं वाचून आणि निम्मं बंधाऱ्याशेजारच्या कॉफीच्या दुकानातल्या मुलाकडून कळलं. पंचविशीतला असेल. हिवाळ्यात तो स्कीच्या पाळण्यांवर काम करतो, उन्हाळ्यात ट्रकी नदीत रबरी तराफे चालवणाऱ्यांकडे. मधल्या दिवसांत आठवड्यातून तीनदा कॉफी, बाकीचे दिवस घरी. घर म्हणजे चौघांत मिळून भाड्याने घेतलेलं तळघर. ज्या घरांतून तळं दिसतं ती बहुतेक घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात, मालक सॅन फ्रान्सिस्कोत किंवा सिलिकॉन व्हॅलीत. ऑफ-सीझनचं सौंदर्य वगैरे मी त्याच्यासमोर बोलले नाही ते बरं झालं. भरलेल्या खिशानेच निवांत गाव आवडतं. पण तळ्याची पातळी त्याला पाठ होती, दशांश चिन्हापुढच्या दोन आकड्यांसकट. उन्हाळ्यात दारं उघडली तर नदीला पाणी, पाणी असेल तर तराफे, तराफे असतील तर पगार. तळं नैसर्गिक काठाच्या खाली गेलं, तर उघडायला दारं असून उपयोग नसतो, नदी मुखाशीच कोरडी पडते. २०१४ साली पडली होती, २०२१ सालीही. त्याने बोट करून त्या काठाची रेघ दाखवली. मला नुसता खडक दिसला.

या परिसरात पाण्याचा अंदाज बांधण्याची जी रीत निघाली ती पुढे जगभर गेली, आणि ती काढणारा माणूस अभियंता नव्हता. जेम्स चर्च हे रेनोच्या विद्यापीठात लॅटिन आणि ग्रीक शिकवायचे. त्यांना हिवाळ्यात डोंगर चढायचा नाद. ईशान्येच्या माउंट रोझवर त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निरीक्षणं सुरू केली आणि एक साधी गोष्ट हेरली. बर्फ किती उंच साचला यावरून काही कळत नाही, त्यात पाणी किती आहे ते मोजायला हवं. मग त्यांनी दातेरी तोंडाची एक पोकळ नळी केली. ती बर्फात जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट बाहेर काढायची आणि तराजूला लावायची. वजनावरून पाणी. त्या वेळी तळ्याकाठचे बंगलेवाले आणि दारं हातात असलेली वीजकंपनी यांच्यात हातघाई चालली होती. तळं फार भरलं की यांचे धक्के बुडायचे, कमी भरलं की त्यांची वीज बुडायची. चर्च यांनी नळीने मोजलेल्या पाण्यावरून वसंतात तळं किती चढेल याचा अंदाज आधीच द्यायला सुरुवात केली आणि भांडायला निदान एक आकडा मिळाला.

ती नळी, थोडीफार सुधारलेली, अजून वापरात आहे. कॅलिफोर्नियात १ एप्रिलचं मोजमाप वर्षाचं मुख्य मोजमाप मानतात. तळ्याच्या दक्षिणेला फिलिप्स नावाच्या ठिकाणी ते पत्रकारांसमोर होतं. २०१५ च्या १ एप्रिलला तिथे गव्हर्नर जेरी ब्राउन आले तेव्हा मोजायला बर्फच नव्हता, ते कोरड्या गवतावर उभे राहिले आणि राज्यभर २५ टक्के पाणीकपात जाहीर केली. पर्यटकांच्या लेखी तो ऑफ-सीझनचा एक दिवस. पण त्या दिवशी राज्याचं अख्खं वर्ष ठरलं.

सीझन म्हणतात तो इथे कोणी आणि कधी आखला, हेही पाहण्यासारखं आहे. वाशो लोक या तळ्याकाठी हजारो वर्षं येत आले. ते हिवाळा खालच्या कोरड्या खोऱ्यांत काढायचे. बर्फ उतरू लागला की आधी तरणी पोरं वर यायची, मासे धरायची, त्यांतले काही खाली थांबलेल्यांना पोचवायची, आणि उन्हाळा लागेपर्यंत मागोमाग सगळी कुटुंबं यायची. म्हणजे जिला आम्ही ऑफ-सीझन म्हणून स्वस्तात घेतलं, ती त्यांची येण्याची वेळ. १८५९ साली पूर्वेला व्हर्जिनिया सिटीत चांदी सापडली आणि खाणींना आतून आधार द्यायला लाकूड लागलं. तीस-चाळीस वर्षांत तळ्याभोवतीचं बरंचसं अरण्य ओंडके होऊन जमिनीखाली गेलं. आज डोंगरांवर जी झाडं दिसतात ती बहुतेक नंतरची, म्हणूनच एकाच वयाची वाटतात. लाकडाच्या या धंद्यातला मोठा माणूस ड्वेन ब्लिस. झाडं संपली तेव्हा त्याने रूळ उखडले, इंजिनांसकट तराफ्यांवर चढवले, तळ्यातून या काठाला आणले आणि १९०० साली ट्रकी गावापासून ताहो सिटीपर्यंत आगगाडी सुरू केली. या वेळी ओंडक्यांऐवजी प्रवासी. तळ्यात त्याची 'ताहो' नावाची आगबोट चार वर्षांपूर्वीच उतरली होती, आणि काठावर मोठं हॉटेल उभं राहिलं. उन्हाळ्याचा सीझन आला तो असा. हिवाळ्याचा बहराला आला १९६० मध्ये, इथून दहा-बारा किलोमीटरवरच्या दरीत हिवाळी ऑलिंपिक भरलं आणि टेलिव्हिजनवर दिसलं तेव्हा. एप्रिल-मे कुणाच्याच धंद्यात बसले नाहीत, ते मधे राहून गेले.

दुपारी जंगलात शिरलो. चिखलाबद्दल मंडळाचं म्हणणं खरं होतं. पायवाट कुठे ओढा झालेली, कुठे बर्फाखाली गडप. बुंध्यांभोवती बर्फ आधी वितळतो, त्यामुळे प्रत्येक झाड आपापल्या आळ्यात उभं होतं. जेफ्री पाइनच्या सालीच्या भेगेत नाक खुपसलं की व्हॅनिलाचा वास येतो, असं भाचा कुठेतरी वाचून आला होता. आम्ही दोघांनी मिठी मारून चारपाच झाडं हुंगली. येतो. उन्हाच्या बाजूला जास्त येतो. रस्त्यावरून एक गाडी हळू होऊन गेली, त्यांना काय वाटलं असेल ते असो.

आणि एका सरत्या बर्फाच्या कडेला, सुयांचा थर उचलून, लाल काहीतरी वर आलं होतं. मी आधी प्लॅस्टिक समजले. वाकून पाहिलं तर झाड. वीतभर उंच, बोटाहून जाड, आणि लाल. देठ लाल, पानांच्या जागी असलेले खवले लाल, त्यांच्या आड लपलेली छोट्या घंटांच्या आकाराची फुलंही लाल. हिरवा ठिपका कुठे नाही. याला स्नो प्लांट म्हणतात. त्याच्यात हरितद्रव्य नसतं, उन्हावर ते जगत नाही. पाइनच्या मुळांशी जोडलेली एक बुरशी जमिनीत असते, हे त्या बुरशीकडून पोट भरून घेतं, बुरशी पाइनकडून. बर्फ सरला की वर येतं आणि उन्हाळा तापेपर्यंत सुकून काळं पडतं. ज्याने ताहो सतरा वेळा पाहिलं पण फक्त जुलैत आणि डिसेंबरात, त्याने हे पाहिलेलं असणार नाही. मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. खवल्यांच्या कडांना बारीक लव होती आणि लवेला मातीचे कण चिकटले होते. त्याला स्पर्श करावासा वाटला आणि केला नाही, इतकंच. खाली वाकल्यावर आणखी एक गोष्ट ऐकू आली. बर्फाच्या पोटातून सगळीकडून ठिबकत होतं, एका लयीत नव्हे, हजार लयींत, आणि ते सगळं उताराने एकाच दिशेला चाललं होतं.

ते सगळंच चांगलं नसतं, हेही सांगायला हवं. परतताना रस्ते झाडणारा अवजड ट्रक आडवा आला, फिरत्या ब्रशांनी कडेची वाळू खेचून घेत होता. हिवाळ्यात टायर घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर वाळू टाकतात. चाकांखाली तिचं पीठ होतं, आणि वसंतातलं पाणी ते पीठ तळ्यात नेऊन घालतं. केसाच्या जाडीहूनही बारीक कण, लवकर तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहून उजेड अडवतात. तळ्यात जाणारे असे कण बहुतेक रस्त्यांवरून आणि वस्त्यांतून येतात, असं तपासात निघालं. डेव्हिसच्या विद्यापीठाचे लोक १९६८ पासून बोटीतून एक पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीला दिसेनाशी होते ते लिहून ठेवतात. पहिल्या वर्षी सरासरी ३१ मीटर होती. आता वीसेक मीटर. आम्हाला काठावर जे काचेसारखं वाटलं ते आधीच्या पिढीने पाहिलं त्यापेक्षा एक तृतीयांशाने उणं होतं, आणि जुलैतला पर्यटक ज्या रस्त्यावरून अलगद खाली उतरतो तो मेमध्ये कुणीतरी झाडलेला असतो.

निघायच्या दिवशी भाचा माझ्याआधी उठून बसला होता. त्याने फोनवर सरकारी जलमापकाचं पान उघडलं होतं. "मावशी, परवापासून चढलंय बघ," म्हणाला. आलेख खरंच वर निघाला होता, तिरपा, एकसारखा. जून-जुलैपर्यंत असाच चढेल, मग उतरायला लागेल, कारण नदीवाटे जातं त्याहून जास्त पाणी इथून वाफ होऊन जातं. नदीवाटे गेलेलंही समुद्राला मिळत नाही. ट्रकी रेनो शहरातून नेवाडाच्या वाळवंटात उतरते आणि पिरॅमिड लेक नावाच्या दुसऱ्या तळ्यात संपते. ते तळं पायूट लोकांच्या ताब्यातल्या भूमीत आहे. १९०५ साली नदीवर डर्बी धरण बांधून निम्मंअर्धं पाणी शेतीला वळवलं, तेव्हा पिरॅमिड लेक १९६० च्या दशकापर्यंत सुमारे ऐंशी फूट खाली गेलं. तिथला मूळचा ट्राउट संपला. कुई-ऊई नावाचा मासा, जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, जेमतेम राहिला, कारण तो चाळीस-चाळीस वर्षं जगतो आणि अंडी घालायला नदीत चढण्यासाठी चांगल्या पाण्याच्या सालाची वाट बघू शकतो. पायूटांनी पिढ्यान्पिढ्या कोर्टात भांडून नदीचं पाणी थोडं परत मिळवलं. कुई-ऊई एप्रिल ते जूनच्या दरम्यान चढतात.

हे मी त्याला गाडीत सांगत होते. ट्रकी गावापाशी फाटा आला. उजवीकडे रेनो, डावीकडे घर. त्याची दुपारी कसलीशी मीटिंग होती. त्याने गाडी बाजूला घेतली, नकाशा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"पिरॅमिडला आत्ता सीझन असतो का?"

"माशांचा असतो."

तो उजवीकडे वळला आणि मला म्हणाला, चिवड्याचा डबा पुढे दे.